गोफणीतला दगड कुठे पडेल? प्रक्षेप्य गती पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मला 'मोशन इन अ प्लेन' या धड्यावर पंचवीसपैकी सहा मार्क पडले. गाव चोपड्याकडचं, दहावीपर्यंत मराठी माध्यम. विज्ञानात बरे मार्क होते म्हणून सायन्स घेतलं आणि महिन्याभरात 'प्रोजेक्टाइल' (फेकलेली वस्तू, म्हणजेच प्रक्षेप्य), 'ट्रॅजेक्टरी' (तिचा मार्ग), 'रिझॉल्व्ह द कंपोनंट्स' असले शब्द फळ्यावरून अंगावर यायला लागले. गंमत अशी, की त्याच पोराने दोन हिवाळे दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेतात माळ्यावर (मचाणावर) उभं राहून गोफणीने पाखरं हाकलली होती. कुठल्या कणसावर थवा बसलाय आणि दगड कुठून सोडला की तिथे जाईल, हे हाताला माहीत होतं. पेपरात मात्र काहीच उतरलं नाही.

आता मी शेतीच्या पाइप-तुषारच्या धंद्यात आहे. संध्याकाळी गल्लीतली दोन-चार पोरं वह्या घेऊन येतात आणि मी जिथे अडकलो होतो नेमकी तिथेच अडकतात. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो. हा भाग सीईटीलाही येतो, म्हणून घाई न करता एकदा नीट करून टाका.

काय काय लागेल

- एक वही, प्रत्येक पान मधोमध उभं दुमडलेलं (का ते चौथ्या पायरीत कळेल)
- साइंटिफिक कॅल्क्युलेटर, किंवा मोबाइलमधला
- दोन सारखी नाणी, एक फूटपट्टी, एक गोटी
- कार्बन पेपर आणि कोरा कागद
- मोजायचा टेप
- गवंडीकाकांकडून तासाभरासाठी गुण्या (काटकोन बघायची एल आकाराची पट्टी) आणि पाणसळ (आडवी पातळी बघायचं साधन) (शेवटच्या पायरीसाठी; मागताना चहा पाजा)

गणितात काय यायला हवं? काटकोन त्रिकोणातले साइन-कॉस आणि वर्गसमीकरणाचं सूत्र. दोन्ही दहावीत झालंय.

१. हातातून सुटल्यानंतरचाच विचार करा

पहिला खड्डा इथेच आहे. पोरांना चित्र काढायला सांगितलं, की हवेतल्या दगडावर दोन बाण काढतात, एक खाली गुरुत्वाकर्षणाचा आणि एक पुढे 'फेकल्याचा जोर' म्हणून. तो दुसरा बाण खोडा. गोफणीची दोरी सुटली तिथे गोफणीचं काम संपलं. नंतर दगडाला पुढे ढकलणारं कोणी नाही. तो पुढे जातो तो केवळ आधीच पुढे जात होता म्हणून. हवा बाजूला ठेवली तर त्याच्यावर एकच बल उरतं, पृथ्वीची ओढ, तीही सरळ खाली.

ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही. युरोपातले लोकही कित्येक शतकं समजत होते, की तोफगोळा आधी सरळ रेषेत जातो आणि जोर 'संपला' की खाली कोसळतो. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याचा खरा मार्ग मांडला, अन्वस्ताचा. कॉलेजच्या पुस्तकात यालाच पॅराबोला म्हणतात.

गोफण ज्यांनी फिरवलीय त्यांना आणखी एक गोष्ट लगेच पटेल. दोन दोऱ्या, मधे विणलेली झोळी, एका दोरीचं टोक बोटात अडकवलेलं आणि दुसरीचं चिमटीत. डोक्यावर दोन-तीन फेरे घेऊन चिमटीतली दोरी सोडायची. नवखा माणूस झोळी समोर आल्यावर सोडतो आणि दगड भलतीकडेच बाजूला जातो. कारण दगड बाहेरच्या दिशेला उडत नाही, वर्तुळाला त्या क्षणी जी स्पर्शिका असेल तिच्यावर निघतो. समोर मारायचं तर झोळी खांद्याच्या बाजूला असतानाच दोरी सोडावी लागते. मी पहिल्या दिवशी आमच्याच बैलाच्या पायाजवळ दगड टाकला होता. बैलाने मान वळवून बघितलं फक्त, पण आबा दिवसभर बोलत होते.

२. दोन नाण्यांचा आवाज ऐका

ही पायरी वाचून सोडू नका, खरंच करा. टेबलाच्या कडेला फूटपट्टी तिरपी ठेवा. पट्टीचं एक टोक टेबलाबाहेर, त्या टोकावर एक नाणं. दुसरं नाणं पट्टीच्या समोर अगदी कडेला. पट्टीला झटका दिला की एक नाणं जागच्या जागी खाली पडतं आणि दुसरं उडून लांब जातं. डोळे मिटून ऐका. फरशीवर 'टक' एकदाच वाजतं.

लांब गेलेल्या नाण्याने इतका मोठा रस्ता कापला तरी ते उशिरा पोहोचत नाही. पडणं पुढे जाण्याची वाट बघत नाही. हा अख्खा धडा या एका 'टक'मध्ये आहे, बाकी हिशेब.

आता गोटी घ्या. टेबलाची उंची टेपने मोजा, आमचं ७६ सेंटीमीटर भरलं. खाली कोरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवून गोटी टेबलावरून घरंगळू द्या. पडायला लागणारा वेळ फक्त उंचीवर ठरतो:

वेळ = √(२ × उंची ÷ जी) = √(२ × ०.७६ ÷ ९.८) = ०.३९ सेकंद

इथे जी म्हणजे गुरुत्व त्वरण, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. गोटी हळू सोडा की जोरात, हे ०.३९ बदलत नाही. डाग ६० सेंटीमीटरवर उमटला तर टेबल सोडताना गोटीचा वेग ०.६० ÷ ०.३९, म्हणजे सेकंदाला साधारण दीड मीटर. घड्याळाला हात न लावता वेग मोजला.

अजून शंका असेल तर भुसावळहून नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि नाणं वीतभर-दीड वीत, म्हणजे ३० सेंटीमीटर वर उडवा. ते अर्ध्या सेकंदाने हातात परत येतं. गाडी ताशी ७२ किलोमीटरने सरळ चालली असेल तर तेवढ्यात ती १० मीटर पुढे गेलेली असते. नाणंही गेलेलं असतं. तुम्हाला ते नुसतं वर-खाली दिसतं. फाटकावर थांबलेल्या माणसाला तेच नाणं १० मीटर लांबीची कमान काढताना दिसलं असतं.

३. वेगाचे दोन तुकडे करा

तिरप्या फेकलेल्या दगडाचा वेग आडवा किती आणि उभा किती, हे वेगळं काढायचं. 'रिझॉल्व्ह' म्हणजे एवढंच.

आडवा वेग = वेग × कॉस कोन
उभा वेग = वेग × साइन कोन

समजा गोफणीतून दगड सेकंदाला २० मीटर वेगाने, जमिनीशी ३० अंशांचा कोन करून सुटला. आडवा वेग २० × ०.८६६ = १७.३. उभा वेग २० × ०.५ = १०. दोघांची बेरीज २७.३ येते, २० नाही, म्हणून घाबरू नका. हे काटकोन त्रिकोणाच्या बाजू आहेत, त्यांचे वर्ग मिळवायचे असतात.

इथे दोन सापळे. एक, 'आडव्याला नेहमी कॉस' असं पाठ करू नका. कोन जमिनीपासून दिला असेल तरच ते खरं. काही गणितांत मुद्दाम उभ्या रेषेपासून कोन देतात, तिथे उलटं होतं. आधी आकृती काढा, कोनाला चिकटलेली बाजू कॉसची. दुसरा सापळा कॅल्क्युलेटरचा. पेपराला बसण्याआधी साइन ३० दाबून बघा. ०.५ आलं तर ठीक. उणे ०.९८८ आलं तर मशीन रेडियनवर आहे, ते अंशांवर आणा. माझ्या सहा मार्कांमागे हे एक कारण होतंच. तीन गणितं पद्धतीने बरोबर आणि उत्तरं सगळी वेडीवाकडी.

जाता जाता, हे साइन आपल्याकडूनच गेलंय. संस्कृतातली 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी, तिचंच दुसरं नाव 'जीवा'. अरबीत ते उच्चाराने गेलं, तिथून लॅटिनमध्ये भाषांतर होताना गफलत होऊन 'सायनस' झालं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथल्या शिलालेखाबद्दल विचारा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याची नोंद त्या लेखात आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत ज्या काढायच्या रीती दिल्या, आणि पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते असंही त्यातच लिहिलं. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या पोराने साइनला घाबरावं हे मला तरी पटत नाही.

४. वहीत दोन खाती उघडा

आता ते दुमडलेलं पान. डावीकडे 'आडवं', उजवीकडे 'उभं'. दुकानदार एकाची उधारी दुसऱ्याच्या पानावर मांडत नाही, तसं इथलं तिथे न्यायचं नाही. १७.३ चा आकडा उजवीकडे दिसला की समजा चुकलं. ९.८ डावीकडे दिसला तरी तेच.

आडवं खातं: वेग १७.३, त्वरण शून्य. सूत्र एकच, अंतर = वेग × वेळ.

उभं खातं: सुरुवातीचा वेग +१०, त्वरण −९.८. सूत्रं तीच नववीतली, गतीची तीन समीकरणं.

दोन्ही खात्यांत सारखी असलेली रक्कम एकच, वेळ. म्हणून जवळजवळ प्रत्येक गणित असं सुटतं: उभ्या खात्यातून वेळ काढा, ती आडव्या खात्यात टाका. कधी उलटं असतं. भिंत अमुक अंतरावर आहे, दगड तिच्यावर किती उंचीवर आपटेल? तिथे वेळ आडव्यातून निघते.

चिन्हांचं एकदाच ठरवा आणि पानाच्या डोक्यावर लिहा: वर अधिक, खाली उणे. दगड वर चाललाय तेव्हाही त्वरण उणेच, खाली येतोय तेव्हाही उणेच. 'खाली येताना जी अधिक धरायचा ना?' हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. नाही. दिशा एकदा ठरली की ठरली, मधेच नियम बदलायचा नाही.

५. एक गणित शेवटपर्यंत

आधी सपाट जमिनीवरून. उभा वेग १०, दर सेकंदाला ९.८ ने कमी होतो. म्हणजे १.०२ सेकंदाला शून्य होईल, तोच सर्वांत वरचा बिंदू. खाली यायला तेवढाच वेळ, एकूण २.०४ सेकंद. कमाल उंची १० × १० ÷ १९.६ = ५.१ मीटर. पल्ला १७.३ × २.०४ = ३५.३ मीटर.

थांबा. सर्वांत वर दगडाचा वेग किती? वर्गात विचारलं की अर्धा वर्ग 'शून्य' म्हणतो. शून्य फक्त उभा वेग. आडव्या खात्यात १७.३ तसेच पडून आहेत, त्याला कोणी हात लावलेला नाही. आणि त्वरण? तिथेही ९.८ खालीच. पृथ्वी त्या क्षणापुरती सुट्टी घेत नाही. बहुपर्यायी प्रश्नांत हे हमखास येतं.

आता मी जिथून मारायचो तिथून, ३ मीटर उंचीवरून. बाकी सगळं तसंच. उभ्या खात्यात विस्थापन −३, कारण दगड सुटला त्याच्या खाली पडणार:

−३ = १० × वेळ − ४.९ × वेळ²

वर्गसमीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात, २.३१ आणि उणे ०.२७. उणे सोडून द्या, दगड सुटण्याआधीची ती वेळ आहे. पल्ला १७.३ × २.३१, म्हणजे ४० मीटर. तीन मीटर उंचीने जवळपास पाच मीटर वाढवून दिले. माळा पाखरं दिसावीत म्हणून उंच बांधतात हे खरं, पण गोफणीला हा फायदा फुकटात मिळतो.

६. सूत्रं पाठ करायचीच असतील तर

फार नाहीत. उड्डाण काल = २ × उभा वेग ÷ जी. कमाल उंची = उभा वेग² ÷ (२ × जी). पल्ला = वेग² × साइन (कोनाची दुप्पट) ÷ जी.

पण पहिलं आणि तिसरं फक्त सुटायची आणि पडायची पातळी एक असेल तेव्हाच चालतं. टेकडीवरून, गच्चीवरून, माळ्यावरून फेकलं की ही दोन्ही विसरा आणि चौथ्या पायरीवर या. सीईटीला घाईत पोरं इथेच मार खातात.

तिसऱ्या सूत्रातून दोन गोष्टी निघतात. पल्ला सर्वांत जास्त ४५ अंशांना. आपल्या २० मीटरवाल्या दगडासाठी तो ४०.८ मीटर. आणि ज्या दोन कोनांची बेरीज ९० होते त्यांचा पल्ला सारखा. ६० अंशांना मारलात तरी दगड ३५.३ मीटरवरच पडेल, फक्त १५.३ मीटर वर जाऊन, साडेतीन सेकंदांनी. तेवढ्यात पाखरं उडून दुसऱ्याच्या शेतात. म्हणून गोफण बसकी मारायची असते.

प्रश्नाच्या भाषेचंही थोडं. 'हॉरिझॉन्टली थ्रोन' वाचलं की उभ्या खात्यात सुरुवातीचा वेग शून्य लिहा. 'ड्रॉप्ड' वाचलं तरी शून्य. पण चालत्या विमानातून 'ड्रॉप्ड' असेल तर आडव्या खात्यात विमानाचा वेग येतो, तो विसरू नका.

७. पुस्तक हवा लपवतं

आतापर्यंतचं सगळं हवा नाही असं धरून. जड दगडाला थोड्या अंतरासाठी ते बरंचसं चालतं, बॅडमिंटनच्या फुलाला अजिबात नाही. फूल तिरपं वर जातं आणि जवळजवळ सरळ खाली येतं, त्याच्या मार्गाला दोन सारख्या बाजू नसतातच. चंद्रावर हवा नाही म्हणून १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने हातोडा आणि पीस एकदम सोडलं आणि दोन्ही बरोबरच पडली.

माझ्या धंद्यातलं सांगतो. तुषारचा नोझल घेऊन बघा, पाणी ४५ अंशांनी उडत नाही, साधारण २५ ते ३० च्या आसपास. पूर्वी मला वाटायचं बनवणाऱ्यांना सूत्र माहीत नसावं. पाण्याचे थेंब हवेत लवकर मंदावतात आणि जितके उंच जातील तितका वारा त्यांना पळवतो, म्हणून धार बसकी ठेवतात. वैशाखात दुपारी तुषार लावलात तर पाणी बांधापलीकडे जातं, ते याच कारणाने. पहाटे लावा.

माणसाने फेकायच्या वस्तूंचं अजून वेगळं. नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकला, तोही ४५ च्या बराच खाली. हात आणि खांदा बसक्या कोनात जास्त वेग देऊ शकतो, आणि भाल्याला हवा थोडी उचलूनही धरते. परीक्षेत मात्र 'हवेचा रोध दुर्लक्षित' असं लिहिलेलं असतं. तिथे शहाणपणा करू नका.

८. विहिरीवरच्या पाण्याला गणित लावा

ही पायरी परीक्षेत येत नाही, पण पोरांना समजतं ते इथे. पंपाच्या पाइपातून आडवं पडणारं पाणी म्हणजे दुसऱ्या पायरीतली गोटीच, फक्त न संपणारी. तिच्यावरून पंप सेकंदाला किती पाणी फेकतो ते काढता येतं.

पाइपाचं तोंड पाणसळीने अगदी आडवं करा. गुण्याचा लांब हात पाइपाच्या वरच्या कडेवर टेकवा, ३० सेंटीमीटरचा छोटा हात खाली लोंबता ठेवा. आता गुण्या पुढे सरकवत न्या. छोट्या हाताचं टोक धारेच्या वरच्या बाजूला टेकलं की थांबा आणि पाइपाच्या तोंडापासून छोट्या हातापर्यंतचं अंतर वाचा. आमच्याकडे ५० सेंटीमीटर आलं.

उभं खातं: ३० सेंटीमीटर पडायला √(२ × ०.३० ÷ ९.८) = ०.२४७ सेकंद.
आडवं खातं: ०.५० ÷ ०.२४७ = २.०२ मीटर प्रति सेकंद.

पाइपाचा आतला व्यास ७ सेंटीमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंटीमीटर. गुणाकार केला की सेकंदाला साधारण ७.८ लिटर.

पोरं हे करत असताना शेजारचे भाऊ बांधावर उभे होते. म्हणाले, "पाणी मोजाले वही कसाले लागस रे?" आणि २०० लिटरचा ड्रम आणून ठेवला. मोबाइलवर वेळ लावली. हिशेबाने २५.७ सेकंद यायला हवे होते, ड्रम २७ सेकंदांत भरला. गुण्या हातात थरथरतो, ड्रममधून थोडं पाणी उसळून बाहेर जातं, एवढा फरक राहणारच. भाऊंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मोटारीवर पोरांना बोलावलं.

तुम्ही करणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. पाइप पूर्ण भरून वाहिला पाहिजे, वर हवेची फट दिसत असेल तर हे क्षेत्रफळ लागू पडत नाही. मोजमाप वरच्या कडेपासून धारेच्या वरच्या कडेपर्यंत घ्या, वरून सुरुवात आणि खालून शेवट असं केलंत तर पडण्याचं अंतर पाइपाच्या व्यासाएवढं चुकतं. आणि स्टार्टरच्या पेटीला ओल्या हाताने कोणी शिवणार नाही, हे सुरुवातीलाच दोनदा बजावा.